ब्राम्सचे सोळा वॉल्ट्झ: पंधरावा एकटा वाजवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळिशीत पियानो शिकायला लागलात, त्याला सहा वर्षं झाली. शिक्षकांनी वर्षाखेरीच्या कार्यक्रमासाठी ब्राम्स या जर्मन संगीतकाराचा ए फ्लॅट मेजरमधला वॉल्ट्झ (तीन मात्रांचा नाच) बसवून घेतला. स्वर बिनचूक पडतात, पण ऐकणारे म्हणतात की अंगाई वाटते, नाच वाटत नाही. पुढे कळलं की हा सोळा वॉल्ट्झच्या संचातला पंधरावा आहे. आता बाकीचे पंधरा शिकावेत का, वेगवेगळ्या प्रती मिळतात त्यांतली खरी कुठली, आणि मुलगीही पियानोच्या चौथ्या ग्रेडला आहे तर तिच्याबरोबर यातलं काही वाजवता येईल का?

मी मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. हे वॉल्ट्झ ब्राम्सनं मुळात दोघांनी एकाच पियानोवर शेजारी बसून वाजवायला लिहिले. चार हातांसाठी. एकट्यानं वाजवायची आवृत्ती त्यानं नंतर केली. तेव्हा तुमच्या घरात दोन वाजवणाऱ्या आहेत हे ऐकून मला फार आनंद झाला.

ओपस ३९ (ब्राम्सच्या छापील रचनांमधला याचा क्रमांक) हा संच १८६५ सालचा. ब्राम्स तेव्हा बत्तिशीच्या आसपास होता. जन्म हॅम्बुर्गचा, म्हणजे पक्का उत्तरेकडचा जर्मन, आणि १८६२ पासून व्हिएन्नात वावरायला लागलेला. व्हिएन्ना म्हणजे वॉल्ट्झचं माहेर. संच अर्पण केला आहे एडुआर्ड हान्सलिकला. हा त्या काळचा व्हिएन्नातला सगळ्यात वजनदार संगीतसमीक्षक. ब्राम्सनं त्याला पत्र लिहून कळवलं की हे शुबर्टच्या (व्हिएन्नातला आधीच्या पिढीचा संगीतकार) घाटाचे साधे, निरागस छोटे वॉल्ट्झ आहेत. ब्राम्ससारख्या गंभीर, अबोल माणसानं वॉल्ट्झ लिहावेत याचं हान्सलिकला आश्चर्य वाटलं, आणि तसं त्यानं लिहिलंही.

त्या पत्रातला ‘शुबर्टच्या घाटाचे’ हा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. आदल्याच वर्षी, १८६४ मध्ये, शुबर्टचे तोवर न छापलेले बारा लेंडलर प्रसिद्ध झाले होते आणि त्यांचं संपादन ब्राम्सनंच केलं होतं, स्वतःचं नाव न घालता. लेंडलर म्हणजे ऑस्ट्रियातल्या खेड्यापाड्यांतला तीन मात्रांचा नाच. वॉल्ट्झहून संथ, जमिनीला जास्त धरून असलेला, पाय आपटत करायचा. शुबर्ट मित्रांच्या बैठकीत पियानोवर बसून अशा नाचांची माळच्या माळ वाजवायचा. एकेक नाच मिनिटभराचा, एक संपला की लगेच दुसरा. ओपस ३९ ची वीण नेमकी तशी आहे. पहिल्या वॉल्ट्झपासून सोळाव्यापर्यंत सलग वाजवलं तर साधारण वीस मिनिटं लागतात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर आहे: हो, शिका. सगळे जमले नाहीत तरी निदान चौदावा, पंधरावा आणि सोळावा हे तीन एकत्र शिका. पंधरावा एकटा वाजवला की अंगाई होतो, यात तुमच्या बोटांचा दोष कमी आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काढून घेतलंय, हे खरं कारण आहे.

हे जरा जवळून दाखवते. पेटीच्या भाषेत सांगितलं तर चटकन कळेल. एकट्यानं वाजवायच्या आवृत्तीत चौदावा आहे जी शार्प मायनरमध्ये, म्हणजे काळी चारमध्ये. पंधरावा ए फ्लॅट मेजरमध्ये. कागदावर ही दोन नावं एकमेकांपासून मैलभर लांब दिसतात. एकीकडे पाच शार्प, दुसरीकडे चार फ्लॅट. पण पियानोवर बोट ठेवून बघा, जी शार्प आणि ए फ्लॅट ही एकच काळी पट्टी आहे. सा तोच, काळी चार. चौदाव्यात गंधार कोमल आहे, पंधराव्यात तो शुद्ध होतो. चौदावा हंगेरियन ढंगाचा, तापलेला, जोरकस. तो संपतो आणि त्याच षड्जावर एकदम शुद्ध गंधार उजळतो. खोली तीच असते, कुणीतरी पडदा सारलेला असतो. हा उजेड ऐकणाऱ्याला तेव्हाच जाणवतो जेव्हा त्यानं आधीचा कोमल गंधार ऐकलेला असतो.

आता पुढचं. सोळावा सी शार्प मायनरमध्ये, म्हणजे काळी एकमध्ये. काळी एकचा पंचम कुठला? काळी चार. म्हणजे पंधराव्यात जो स्वर घर होता, तो सोळाव्यात पंचम झाला. पंधरावा संपतो तेव्हा सगळं स्थिरस्थावर झालं असं वाटतं, आणि सोळाव्याच्या पहिल्या बारात (बार म्हणजे तीन मात्रांचा एक गट) कळतं की आपण अजून उंबऱ्यावरच उभे होतो. संच संपतो तो मायनरमध्ये आणि शांतपणे. वॉल्ट्झचा संच इतक्या हळू आवाजात संपवायचं धाडस मला दर वेळी हलवून जातं.

चार हातांच्या मूळ आवृत्तीत हे शेवटचे वॉल्ट्झ अर्ध्या स्वरानं वर आहेत: तेरावा सी मेजर, चौदावा ए मायनर, पंधरावा ए मेजर, सोळावा डी मायनर. एकट्याच्या आवृत्तीत तेच अनुक्रमे बी मेजर, जी शार्प मायनर, ए फ्लॅट मेजर, सी शार्प मायनर. चारही एकदम, सारख्याच अंतरानं खाली उतरवलेत, म्हणजे आपसातलं नातं जसंच्या तसं ठेवलं. पट्टी बदलली तरी चालेल पण नातं तुटता कामा नये, हा विचार मला त्यात स्वच्छ दिसतो. शिवाय ब्राम्सनं यांतले पाच वॉल्ट्झ दोन पियानोंसाठीही बसवले होते, ते त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. त्यात त्यानं पहिला, दुसरा, अकरावा, चौदावा आणि पंधरावा घेतला. सोळांतून पाचच निवडायचे होते तरी चौदाव्याचा आणि पंधराव्याचा हात त्यानं सोडला नाही. तिथे शेवट पंधराव्यावर होतो हेही खरं, त्यामुळे एखाद्या कार्यक्रमात चौदावा आणि पंधरावा एवढेच वाजवलेत तर त्याला खुद्द ब्राम्सचा आधार आहे.

प्रतींबद्दल. ब्राम्सनं स्वतः केलेल्या आवृत्त्या अशा: चार हातांची मूळ, एकट्याची पूर्ण, एकट्याची सोपी केलेली, आणि वर सांगितलेले दोन पियानोंचे पाच. चारही खऱ्या. बाकी बाजारात जे ‘सुलभ ब्राम्स’ म्हणून मिळतं ते दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं, ते घेऊ नका. विशेषतः ज्यात फक्त पंधराव्याची वरची चाल आणि खाली तीन-तीन स्वरांची साथ असते ते. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांना हीच चाल सुझुकी पद्धतीच्या दुसऱ्या पुस्तकात भेटते, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ती ओळखीची आहे. तिथे ते ठीकच आहे, व्हायोलिनला एकच ओळ वाजवायची असते. पियानोवर मात्र मधले आवाज गेले की ब्राम्सच गेला. स्वरलिपी आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. विकत घ्यायची असेल तर ऊरटेक्स्ट (संगीतकाराच्या मूळ लिखाणाला धरून छापलेली) प्रत घ्या, म्हणजे संपादकानं मागाहून घातलेल्या खुणा मध्ये येत नाहीत. एक पथ्य पाळा: चौदा, पंधरा, सोळा हे तिन्ही एकाच आवृत्तीतून घ्या. चौदावा एका प्रतीतला आणि पंधरावा दुसऱ्या प्रतीतला केलात तर षड्ज हलेल आणि सगळी गंमत जाईल.

आता ‘अंगाई वाटते’ याबद्दल. ऐकणाऱ्यांना तसं वाटण्यात थोडा गोंधळही आहे, कारण ब्राम्सची खरोखरची प्रसिद्ध अंगाई वेगळी आहे. ती १८६८ सालची, ओपस ४९ मधली, आणि तीही तीन मात्रांचीच. बेर्टा फाबर नावाच्या मैत्रिणीला मुलगा झाला तेव्हा त्यानं ती लिहिली. ही बेर्टा पूर्वी त्याला एक लेंडलर गाऊन दाखवायची, त्याची चाल ब्राम्सनं अंगाईच्या साथीत लपवून ठेवली. म्हणजे त्याच्या अंगाईतही एक नाच दडलेला आहे! तेव्हा हळुवारपणा आणि नाच यांत निवड करायची नाही. हळुवार असूनही पाय हलायला हवा, आणि तो हलतो डाव्या हातामुळे.

आपल्या विद्यार्थ्यांना मी वॉल्ट्झ दादऱ्यावरून शिकवते. तीस वर्षं हे करतेय आणि दर वेळी उपयोग होतो. वॉल्ट्झचे दोन बार म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन: धा धी ना, धा ती ना. पहिल्या बाराची पहिली मात्रा सम, दुसऱ्या बाराची पहिली मात्रा काल. हे डोक्यात बसलं की प्रत्येक बारावर सारखा धक्का देण्याची सवय सुटते. दुसरा बार आपोआप हलका पडतो, वाक्य चालायला लागतं. तुम्ही पाठवलेलं रेकॉर्डिंग मी ऐकलं. त्यात प्रत्येक बारातली पहिली मात्रा सारख्याच वजनाची आहे आणि दुसरी-तिसरी मात्रा तिच्याइतकीच भारी. म्हणून ते झोके घेतल्यासारखं, पाळण्यासारखं ऐकू येतं. आधी फक्त डावा हात घ्या. त्यातला खालचा स्वर वाजवा आणि वरच्या मात्रा तोंडानं म्हणा, वाजवू नका. तबलजी डग्ग्यावर घुमारा ठेवतो आणि चाटीवर बोट नुसतं टेकवतो, तसं वजन हवं. चार-पाच दिवस एवढंच करा, उजवा हात मांडीवर ठेवून.

व्हिएन्नाच्या वाद्यवृंदांत दुसरी मात्रा किंचित आधी घ्यायची रीत आहे, ती तुम्ही व्हिएन्नाचाच वॉल्ट्झकार योहान स्ट्राउस याच्या वॉल्ट्झमध्ये ऐकली असेल. ती इथे आणू नका. हे वॉल्ट्झ छापून बाहेर पडत होते त्याच सुमारास, फेब्रुवारी १८६७ मध्ये, स्ट्राउसचा ‘ब्लू डॅन्यूब’ पहिल्यांदा वाजला. ब्राम्सचं स्ट्राउसवर मनापासून प्रेम होतं. स्ट्राउसच्या घरातल्या एका हातपंख्यावर सही मागितली तेव्हा त्यानं ‘ब्लू डॅन्यूब’चे सुरुवातीचे स्वर लिहून खाली लिहिलं की हे दुर्दैवानं ब्राम्सचं नाही. पण त्याचे स्वतःचे वॉल्ट्झ मोठ्या नृत्यगृहातले नाहीत, दिवाणखान्यातले आहेत. त्यांचा पाय लेंडलरचा. दुसरी मात्रा ओढून आणली की ते उसनं वाटतं.

ब्राम्सची आणखी एक खोड तुम्हाला दादऱ्यामुळेच कळेल. सहा मात्रांचं आवर्तन तीन-तीन असं चाललेलं असताना तो मध्येच ते दोन-दोन-दोन असं मोडतो. आपल्याकडे लयकारीत हे रोज चालतं, त्यामुळे आपले विद्यार्थी यात युरोपातल्या मुलांपेक्षा मागे पडायचं कारण नाही. टाळीनं सहा मात्रा धरा, तोंडानं एकदा तीनचे गट म्हणा, एकदा दोनचे. मग पियानोवर बसा. असा मोड जिथे येईल तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि तिथे जोर वाढवू नका, फक्त गट ऐकू येऊ द्या.

उजव्या हाताबद्दल एकच गोष्ट. पंधराव्याच्या शेवटाकडे तीच साधी चाल तिप्पट्यांमध्ये (एका मात्रेत तीन स्वर) परत येते, एकाच हातात दोन-दोन स्वर धरून. बहुतेक जण इथे अडतात, कारण दोन्ही स्वर सारख्याच जोरानं पडतात आणि मनगट आखडतं. वरची ओळ एकटी वाजवा, त्याच बोटांनी जी शेवटी लागणार आहेत. मग खालची ओळ एकटी. मग दोन्ही, पण खालची नुसती पट्टीला स्पर्श करत, आवाज न काढता. दोन आठवडे लागतात, लागू द्या. गती मात्र तिथे कमी करू नका. पुष्कळ वॉल्ट्झवर ब्राम्सनं गतीची सूचनाच लिहिलेली नाही, म्हणून जी गती या तिप्पट्यांना झेपते तीच पहिल्या बारापासून धरा.

पुनरावृत्तीच्या खुणा गाळू नका. एकेक वॉल्ट्झ दोन भागांचा, इतका लहान, की पहिल्यांदा ऐकताना कान नुसता ओळख करून घेतो. दुसऱ्यांदा वाजवताना मधला एखादा आवाज थोडा पुढे आणा. सोळाव्यात तर हे करावंच लागतं, कारण तिथे वरची चाल आणि तिच्याखालची चाल जागा बदलतात: जी खाली होती ती वर जाते, वरची खाली येते. दोन्ही ओळी पाठ म्हणता आल्या पाहिजेत, पियानोशिवाय.

मुलीबरोबर वाजवताना काय करायचं ते सांगते. पूर्ण अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचं वाद्य लागेल. एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डवर दोघींचे चार हात मावणार नाहीत. तिला वरचा भाग द्या, तुम्ही खालचा घ्या. पेडल खालचा वादक दाबतो, कारण खर्ज त्याच्या हातात असतो आणि पेडल खर्जाबरोबर बदलायचं असतं. म्हणजे तुमचा उजवा पाय तिच्या उजव्या हातातली चाल ऐकत राहणार. सुरुवातीला हे फार विचित्र वाटतं. कोपरं एकमेकींना लागतील, मधल्या पट्ट्यांवर तुमचा उजवा आणि तिचा डावा हात एकमेकांत गुंततील. कोण हात वर उचलणार आणि कोण पट्ट्यांच्या आतल्या बाजूला सरकणार हे आधी ठरवून पानावर लिहून ठेवा. आणि दोघींनी एकत्र सुरुवात करताना ‘एक-दोन-तीन’ मोजू नका, एकत्र श्वास घ्या. जुगलबंदीत कलाकार समेआधी एकमेकांकडे बघतात तसं.

ध्वनिमुद्रण नव्हतं त्या काळात युरोपातल्या मध्यमवर्गीय घरांमध्ये संगीत पोचायचं ते बरंचसं असंच, एका बाकावर दोघांनी बसून. सिम्फनीसुद्धा लोकांनी आधी चार हातांनी वाजवून ओळखीच्या करून घेतल्या. ब्राम्सचे हंगेरियन नाचही चार हातांसाठीच आले, पहिले दहा १८६९ मध्ये. त्याच सुमाराचे प्रेमगीतांचे वॉल्ट्झ, ओपस ५२, चार गायक आणि चार हातांचा पियानो असे आहेत. ओपस ३९ तुम्हाला आवडला तर पुढचा मुक्काम तो ठेवा.

शिकण्याचा क्रम विचाराल तर माझा असा असतो. आधी दुसरा, ई मेजरमधला. तो गोड आहे, हाताला फार ताण नाही, आणि डाव्या हाताचं वजन त्यात नीट तपासता येतं. मग तिसरा आणि नववा, दोन्ही मायनर, दोन्ही छोटे आणि मनात राहणारे. मग बारावा. त्यानंतर सोळावा, आणि सोळावा हातात बसल्यावरच चौदावा. चौथा आणि अकरावा चौदाव्याचेच भाऊबंद आहेत, हंगेरियन रक्ताचे, ते त्याच्या आगेमागे घ्या. पहिला कार्यक्रमाची सुरुवात करायला उत्तम, ठणठणीत बी मेजर. सातवा, आठवा, दहावा सवडीनं. तेरावा भरगच्च पंजांचा आहे आणि सहावा, सी शार्प मेजरमधला, सात शार्प आणि भराभर उड्या. हे दोन एकट्यानं वाजवायची घाई अजिबात करू नका. चार हातांत ते आटोक्यात येतात, तुमच्या मुलीला सहावा फार आवडेल असं मला वाटतं.

पुढच्या कार्यक्रमाला शिक्षकांकडून फार तर आठ मिनिटं मागून घ्या. चौदावा, पंधरावा, सोळावा, मध्ये टाळ्यांना जागा न देता. चौदाव्याचा शेवटचा स्वरमेळ वाजला की हात उचला, पण मांडीवर ठेवू नका. पट्ट्यांच्या वर तसेच थांबवा, एक श्वास घ्या आणि त्याच काळी चारवर परत उतरा.